मध्यक्षेत्राचा अखत्यार

बेसबॉलच्या मैदानावर, चार बेसांच्या चौकोनापलीकडे जे विस्तीर्ण हिरवे आवार पसरलेले असते, त्याच्या रक्षणासाठी केवळ तीन माणसे तैनात असतात. आणि त्या तिघांनी नेमके कोठे उभे राहावे हे नियमपुस्तकाने नव्हे, तर शतकाहून जुन्या शिरस्त्याने ठरविलेले आहे. आपल्या क्रिकेटमध्ये कर्णधार हाताने खूण करतो, स्लिपमधला माणूस सीमारेषेकडे जातो, पुढच्या षटकात परत येतो, आणि त्यात कोणाच्या मानापमानाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. बेसबॉलमध्ये मात्र डावे, मधले आणि उजवे असे हे तीन सुभे वर्षानुवर्षे एकेका माणसाच्या नावावर चढलेले असतात, आणि एखाद्या खेळाडूचे वर्णन करताना तो कोणत्या क्षेत्राचा धनी हे सांगितल्याखेरीज ते वर्णन पुरे होत नाही. म्हणूनच या तिघांपैकी एकाची टाच, गुडघा किंवा मनगट दुखावले, की कोणाला कोठे उभे करावयाचे हा प्रश्न निव्वळ डावपेचाचा राहत नाही. तो हुद्द्याचा, वयाचा आणि कीर्तीचा होऊन बसतो, आणि उघडपणे निकालात काढण्यापेक्षा तो पुढे ढकलण्याकडेच भल्याभल्यांचा कल होतो. या ढकलाढकलीचे मोल बहुधा दुखापत झालेल्या माणसाला नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्याला द्यावे लागते, हे दाखवून देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या तिन्ही क्षेत्रांचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. मध्यक्षेत्र, म्हणजे सेंटर फील्ड, हे तिघांत सर्वांत विस्तृत. तेथील रक्षकाला डावीकडे, उजवीकडे आणि पाठीमागे सारखेच धावावे लागते, आणि म्हणून पायांची खरी परीक्षा तेथेच होते. परंतु त्याच्या दृष्टीच्या बाबतीत हे क्षेत्र उदार आहे: पिचर, कॅचर आणि फलंदाज हे तिघेही त्याला एका सरळ रेषेत दिसतात, आणि बॅटवरून सुटलेला चेंडू पुष्कळसा सरळ त्याच्याकडे येतो. दोन्ही कडांच्या क्षेत्रांत पळापळ कमी, पण तेथे चेंडू हवेत वळून बाजूच्या रेषेकडे सरकतो, भिंतीचे कोन विचित्र असतात, आणि उजव्या क्षेत्रातून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक लांब असल्यामुळे तेथे बळकट खांद्याचा माणूस लागतो. याखेरीज आणखी एक अलिखित कायदा आहे. दोन रक्षक एकाच चेंडूवर धावत आले, तर तो कोणी झेलावयाचा याचा अंतिम शब्द मध्यक्षेत्ररक्षकाचा. त्याने हाक दिली की शेजाऱ्याने बाजूला व्हावयाचे. मध्यक्षेत्राचा अखत्यार म्हणतात तो हाच, आणि वेगाने धावणाऱ्या दोन देहांची टक्कर टाळण्याचा सारा भार या एका हाकेवर असतो.

मध्यक्षेत्राचा धनी जायबंदी झाला म्हणजे संघाच्या मॅनेजरपुढे साधारणतः तीन मार्ग असतात. पहिला, राखीव खेळाडूंतून एकाला सरळ त्याच्या जागी उभे करावयाचे, म्हणजे बदल एकच होतो, परंतु सर्वांत अवघड जागी सर्वांत कच्चा माणूस येतो. दुसरा, कडेच्या क्षेत्रातील कसलेला माणूस मध्यभागी आणून नवख्याला कडेला ठेवावयाचे, म्हणजे मध्य बळकट राहतो, पण एका दुखापतीपायी दोन माणसांना अनोळखी भूमीवर रुजू व्हावे लागते. तिसरा मार्ग असा, की धनी पुरता निकामी नसून केवळ मंदावलेला असेल, तर त्याला त्याच्या जागीच राहू द्यावयाचे आणि शेजाऱ्याला खासगीत बजावावयाचे की बाबा, तुझी हद्द थोडी वाढवून घे. कागदोपत्री या तिसऱ्या मार्गात कोणतीच बदली होत नाही, कोणाचा अपमान होत नाही, वृत्तपत्रांना बातमी मिळत नाही. आणि म्हणूनच तो सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक असतो.

१९५१ साली न्यूयॉर्क यांकीज या संघाने हाच तिसरा मार्ग पत्करला. त्या संघाच्या मध्यक्षेत्रात १९३६ पासून, महायुद्धातील लष्करी सेवेची तीन वर्षे वगळता, जो डिमॅजिओ उभा होता. १९४१ साली सलग छप्पन्न सामन्यांत बेसवर पोहोचविणारा फटका मारण्याचा विक्रम करणारा, आणि १९४९ पासून वर्षाला एक लाख डॉलर वेतन घेणारा हा पुरुष, यांकी स्टेडियमच्या त्या भागाचा निर्विवाद सुभेदार होता. आणि सुभाही लहानसहान नव्हता, कारण मधली भिंत फलंदाजापासून चारशे एकसष्ट फुटांवर होती आणि मधल्या-डाव्या बाजूची चारशे सत्तावन्न फुटांवर, तर दोन्ही कडांच्या भिंती जेमतेम तीनशे फुटांवर. परंतु त्याच्या टाचेच्या हाडाला काटा वाढला होता. शस्त्रक्रिया झाल्या होत्या. १९४९ च्या हंगामाचे पहिले पासष्ट सामने त्याला बाहेर बसून काढावे लागले होते. १९५१ मध्ये तो छत्तीस वर्षांचा होता, त्याची फलंदाजीची सरासरी .२६३ वर उतरली होती, आणि ज्या चेंडूंखाली तो पूर्वी चालत चालत जाऊन उभा राहत असे, त्यांच्यासाठी आता त्याला धावावे लागत होते.

मॅनेजर केसी स्टेंगल हा स्वतः तरुणपणी बाह्यक्षेत्रातच खेळलेला, आणि माणसे हलविण्याच्या बाबतीत कमालीचा निःसंकोच. समोरचा पिचर डावखुरा की उजवा हे पाहून तो हँक बाउअर आणि जीन वुडलिंग यांची आलटून पालटून नेमणूक करी, आणि दोघांनाही ते रुचत नसले तरी तो बधत नसे. मात्र डिमॅजिओच्या बाबतीत या माणसाचा हात आखडला, आणि त्याला कारण होते. १९५० च्या जुलैमध्ये, वॉशिंग्टन येथील सामन्यात, डिमॅजिओला पहिल्या बेसवर उभे करण्याचा प्रयोग त्याने करून पाहिला होता. पायांना विश्रांती मिळावी हा हेतू सयुक्तिक होता, पण ज्या अभिमानी माणसाने उभ्या कारकिर्दीत ती जागा सांभाळली नव्हती, त्याला हजारो प्रेक्षकांदेखत उमेदवारी करावयास लावणे हे त्याला जिव्हारी लागले. प्रयोग एका दिवसात गुंडाळला गेला आणि डिमॅजिओ आपल्या मध्यक्षेत्रात परतला. त्यानंतर त्याच्या बदलीचा विषय उघडपणे काढण्याची कोणाची छाती नव्हती.

१९५१ मध्ये उजव्या क्षेत्रात एक एकोणीस वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला होता. ओक्लाहोमातील शिसे आणि जस्ताच्या खाणींत काम करणाऱ्या बापाचा हा पुत्र, मिकी मँटल, मुळात बाह्यक्षेत्राचा नव्हेच. आदल्या वर्षापर्यंत तो जॉप्लिनच्या कनिष्ठ संघात शॉर्टस्टॉप म्हणून खेळत होता, आणि त्याच्या फेकी इतक्या वारेमाप जात की त्याला आतल्या चौकोनातून बाहेर काढणे हाच शहाणपणा ठरला. १९५१ च्या वसंतातील सरावशिबिरात नुकताच निवृत्त झालेला टॉमी हेन्रिच याने त्याला चेंडूखाली कसे यावे, फेकीसाठी पाय कसा टाकावा, याचे धडे दिले. विलक्षण वेग आणि विलक्षण ताकद असलेल्या या मुलाच्या डाव्या घोट्याला शाळेत फुटबॉल खेळताना लागलेल्या लाथेपासून अस्थिमज्जेचा दाह जडलेला होता; म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाची टाच आणि दुसऱ्याचा घोटा अशी ती जोडी होती. तथापि तारुण्याला व्याधीची गणती करण्याची सवय नसते, आणि संघाच्या हिशेबात मँटल हा निरोगी पायांचा माणूस म्हणूनच जमेस धरला गेला.

हंगामाअखेरची अजिंक्यपदाची लढत, म्हणजे वर्ल्ड सिरीज, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध सुरू झाली तेव्हा, मँटलने पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, स्टेंगलने त्याला एकीकडे बोलावून ताकीद दिली की म्हाताऱ्याची टाच दुखते आहे, तेव्हा मधल्या-उजव्या बाजूला जे जे गाठता येईल ते ते तू गाठ. हे फर्मान डिमॅजिओच्या कानावर घालण्यात आले नव्हते. म्हणजे एकाच भूमीवर आता दोन हुकूम चालू होते: शिरस्त्याप्रमाणे ती भूमी डिमॅजिओची, आणि मॅनेजरच्या खासगी आज्ञेप्रमाणे अर्धीमुर्धी मँटलची. एकाच मिळकतीची दोन खरेदीखते झाल्यावर कज्जा केव्हा उभा राहील एवढेच पाहावयाचे असते, आणि येथे तो दुसऱ्याच सामन्यात, ५ ऑक्टोबर १९५१ रोजी, पाचव्या डावात उभा राहिला.

फलंदाज होता जायंट्सचा विली मेज, वीस वर्षांचा, आणि मँटलप्रमाणेच पहिल्याच हंगामातला. त्याने मारलेला चेंडू उंच उडून मधल्या आणि उजव्या क्षेत्रांच्या बरोबर सांध्याकडे निघाला. मिळालेल्या ताकिदीला जागून मँटल सर्व वेगाने धावत आला, आणि चेंडूखाली पोहोचता पोहोचता त्याला दिसले, ऐकू आले, की डिमॅजिओ तेथे आधीच शांतपणे उभा आहे आणि चेंडू आपला असल्याचे सांगतो आहे. त्या देवतुल्य पुरुषाला धडकण्याच्या कल्पनेनेच त्या मुलाने आपला वेग मोडला. बुटाचे खिळे पाणी निचरा होण्याच्या झरोक्यावरील रबरी झाकणात अडकले, उजवा गुडघा मुरगळून तो जागच्या जागी कोसळला. चेंडू डिमॅजिओने झेलला. सामन्याच्या नोंदीपुरते पाहू गेल्यास तो एक साधा झेल होता आणि फलंदाज बाद झाला होता. मँटलला स्ट्रेचरवरून बाहेर नेण्यात आले.

पुढल्या दिवशी रुग्णालयाच्या दारात टॅक्सीतून उतरताना मँटलने आधारासाठी वडिलांच्या खांद्यावर भार टाकला, आणि वडील पदपथावर कोसळले. त्यांना हॉजकिन्सचा रोग असल्याचे त्यानंतर उघड झाले. बापलेकांनी उरलेले सामने रुग्णालयाच्या एकाच खोलीत दूरचित्रवाणीवर पाहिले. मे १९५२ मध्ये वडील निवर्तले. मँटलच्या गुडघ्याच्या आतील मुख्य बंध त्या दिवशी तुटला असावा आणि पुढील सारी कारकीर्द तो तशाच गुडघ्यावर खेळला असावा, असे अनुमान नंतरच्या काळातील वैद्यांनी केले आहे.

आता या कज्ज्याचा निकाल लागावयास हवा होता, पण तो लागला नाही, आणि त्याचे कारण पराजय नव्हे तर विजय. मँटलच्या जागी उजव्या क्षेत्रात बाउअर आला. १० ऑक्टोबरच्या सहाव्या सामन्यात, तिन्ही बेसांवर माणसे असताना, त्याने तीन बेसांचा फटका मारून यांकीजना आघाडी मिळवून दिली. आणि नवव्या डावात जायंट्स केवळ एका धावेने मागे असताना, साल य्वार्सने मारलेला सपाट, खाली येणारा चेंडू त्यानेच घसरत जाऊन झेलला आणि सिरीज संपविली. ज्याला लहरीप्रमाणे बसविले-उठविले जात असे त्यानेच शेवटची किल्ली फिरविली, हे पाहून स्टेंगलच्या माणसे हलविण्याच्या कसबाची वाहवा झाली. जिंकलेल्या संघाची चौकशी कोण करतो? मधल्या-उजव्या सांध्यावर दोन हुकूम का चालू होते, हे विचारण्याचे प्रयोजनच कोणाला उरले नाही. डिसेंबरमध्ये डिमॅजिओने निवृत्ती जाहीर केली, आणि बदलीचा जो प्रश्न सुमारे दीड वर्ष कोणाच्या तोंडून निघाला नव्हता, तो त्याच्या स्वतःच्या राजीनाम्याने आपोआप मिटला. रिकामा झालेला सुभा प्रथम जॅकी जेन्सनकडे गेला. मे १९५२ च्या आरंभी त्याची वॉशिंग्टनला रवानगी झाली, आणि त्याच महिन्यात, वडील गेले त्या महिन्यात, मध्यक्षेत्र मँटलच्या नावावर चढले.

यानंतर जे घडले ते पाहिले म्हणजे इतिहासाने मँटलला त्याच प्रश्नपत्रिकेच्या दुसऱ्या बाजूला बसविले असे वाटते. १९५६ साली .३५३ ची सरासरी, ५२ होम रन आणि १३० धावांना चालना, असे तिहेरी अग्रस्थान मिळविणारा हा मध्यक्षेत्रपती वर्षागणिक पट्ट्या गुंडाळलेल्या पायांवर उभा राहू लागला. १९६१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच्या कमरेला झालेल्या गळवामुळे तो पहिले दोन सामने खेळू शकला नाही. तेव्हा रॉजर मॅरिस, त्याच वर्षी ६१ होम रन मारणारा उजव्या क्षेत्राचा धनी, मध्यभागी आला. जून १९६३ मध्ये बाल्टिमोर येथे ब्रूक्स रॉबिन्सनने मारलेल्या चेंडूमागे धावताना मँटलचे पाऊल तारेच्या कुंपणात अडकून हाड मोडले, आणि टॉम ट्रेश, जो आदल्याच वर्षी शॉर्टस्टॉप म्हणून आला होता आणि नंतर डाव्या क्षेत्रात गेला होता, तो मध्यक्षेत्राचा कारभार पाहू लागला. या सर्व फेरफारांत एक गोष्ट लक्षणीय आहे: ते उघड होते. धनी गैरहजर असेल तेव्हा मुखत्यार कोण, हे सर्वांना ठाऊक होते, आणि हाक कोणी द्यावयाची याविषयी संदेह नव्हता.

१९६४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तर मॅनेजर योगी बेराने मँटलला, तो हजर आणि खेळण्याजोगा असताना, उजव्या क्षेत्रात ठेवले आणि मध्यक्षेत्र मॅरिसकडे दिले. या व्यवस्थेवर आक्षेप घेण्यास जागा होती. मँटलचा खांदाही १९५७ पासून दुखावलेला, आणि उजव्या क्षेत्राला खांदाच अधिक लागतो. तिसऱ्या सामन्यात त्याच्या हातून उजव्या क्षेत्रात चूक झाली आणि प्रतिस्पर्धी सेंट लुईस संघाला एक धाव मिळाली. परंतु नवव्या डावात त्यानेच पिचर बार्नी शुल्ट्झच्या पहिल्याच चेंडूवर होम रन मारून सामना जिंकून दिला, आणि वर्ल्ड सिरीजमधील होम रनांचा बेब रूथचा विक्रम मोडला. १९६५ मध्ये तो डाव्या क्षेत्रात गेला. १९६७ मध्ये पहिल्या बेसवर, आणि तेथील जो पेपिटोन हा मध्यक्षेत्रात. ज्या पहिल्या बेसवर डिमॅजिओला एक दिवस उभे करणे हा अपमान ठरला होता, तेथे मँटलने दोन हंगाम काढले आणि मग १९६९ च्या मार्चमध्ये निवृत्ती पत्करली.

हा प्रश्न केवळ त्या एका संघाचा किंवा त्या एका काळाचा नाही, हे दाखविण्यास न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाचे, मेट्सचे, उदाहरण पुरेसे आहे. २००५ मध्ये मेट्सनी कार्लोस बेल्ट्रान याला एकशे एकोणीस दशलक्ष डॉलरांच्या करारावर आणले आणि मध्यक्षेत्र दिले. तेथे आधीपासून असलेला माइक कॅमेरन, सिॲटलमध्ये असताना उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह सन्मान दोनदा मिळविलेला, उजवीकडे सरकविला गेला. ११ ऑगस्ट २००५ रोजी सॅन डिएगो येथील पेटको पार्कमध्ये एक बुटका, झपाट्याने खाली येणारा चेंडू दोघांच्या मध्ये पडू लागला. दोघांनीही त्यावर झेप घेतली, आणि दोन्ही मस्तके एकमेकांवर आदळली. कॅमेरनच्या चेहऱ्याची हाडे मोडली आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. आयुष्यभर ज्याने मध्यभागी हाक दिली होती, त्याची उपजत धाव एका करारानिशी बदलत नसते; शिरस्ता कागदावर पालटता येतो, पायांत तो मुरावयास काळ लागतो. पुढल्या वर्षी कॅमेरन सॅन डिएगोच्याच संघात गेला, आणि ज्या मैदानावर त्याला जायबंदी अवस्थेत उचलून नेले होते, त्याच मैदानाचे मध्यक्षेत्र सांभाळून त्याने पुन्हा तो सन्मान पटकावला.

बेल्ट्रानची पाळी नंतर आली. जानेवारी २०१० मध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या अनुपस्थितीत आंजेल पगान याने मध्यक्षेत्र उत्तम सांभाळले. जुलैमध्ये बेल्ट्रान परतला तेव्हा पगानला बाजूला सरकावे लागले, आणि गुडघा पूर्ववत झाला नसल्याचे पाहणाऱ्याला कळत असतानाही मोठे नाव मध्यभागी राहिले. येथवर ही १९५१ चीच पुनरावृत्ती होती. पण २०११ च्या फेब्रुवारीअखेर, फ्लोरिडातील सरावशिबिरात, बेल्ट्रान स्वतः होऊन नवे मॅनेजर टेरी कॉलिन्स यांच्याकडे गेला आणि आपण उजव्या क्षेत्रात जातो, मध्यक्षेत्र पगानला द्यावे, असे त्याने सांगून टाकले. मॅनेजरला फर्मान काढावे लागले नाही, पगानला मिळालेला अखत्यार उसना राहिला नाही, आणि हाक कोणाची हे पहिला सामना सुरू होण्यापूर्वी ठरून गेले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला २०२१ चा अटलांटा ब्रेव्ह्ज संघ आहे. त्या वर्षी १० जुलै रोजी मायामी येथे उजव्या क्षेत्रातील त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू रोनाल्ड अकुन्या भिंतीजवळ उडी घेऊन उतरताना गुडघ्याचा बंध तुटून बाद झाला, आणि जय-पराजयांचे पारडे तोवर जेमतेम समतोल असलेल्या त्या संघाने हंगाम सोडून द्यावा असाच कौल पुष्कळांनी दिला असता. संघाचे महाव्यवस्थापक ॲलेक्स अँथोपोलोस यांनी महिना संपण्यापूर्वी जॉक पीडरसन, ॲडम डुव्हाल, होर्हे सोलर आणि एडी रोझारिओ असे चार बाह्यक्षेत्ररक्षक इतर संघांतून आणले. त्यांपैकी डुव्हालला उजव्या क्षेत्रातील रक्षणासाठी त्या वर्षीचा गोल्ड ग्लव्ह मिळाला, तरी वर्ल्ड सिरीजमध्ये तो उभा होता मध्यक्षेत्रात, कारण संघाची निकड तेथे होती. वर्ल्ड सिरीज अटलांटाने जिंकली आणि तिचा सर्वोत्तम खेळाडू सोलर ठरला. चौघेही हंगामाच्या मध्यावर आलेले; कोणाच्याही नावावर कोणताच सुभा चढलेला नव्हता, म्हणून माणसे हलविणे हा तेथे निव्वळ गणिताचा प्रश्न राहिला.

निकालाकडे पाहून न्याय करू म्हणणाऱ्याला ही सारी उदाहरणे गोंधळात टाकतील. १९५१ चा यांकीज संघ प्रश्न लपवूनही जिंकला. २०११ चा मेट्स संघ प्रश्न उघडपणे सोडवूनही जिंकला नाही, आणि जुलै संपण्यापूर्वी बेल्ट्रानला सॅन फ्रान्सिस्कोकडे रवाना करून मोकळा झाला. म्हणून क्षेत्रबदलाचा वाद विजयाच्या तराजूत तोलण्यात अर्थ नाही. तो तोलावयाचा असेल तर शेजाऱ्याच्या शरीराच्या हिशेबाने तोलावा. बेल्ट्रान २०११ मध्ये मेट्ससाठी उजव्या क्षेत्रात उभा राहिला तोवर त्याच्या शेजाऱ्याला दोन धन्यांची चाकरी करावी लागली नाही. मँटलला ती एकाच आठवड्यात करावी लागली, आणि तिचे हप्ते तो पुढले सतरा हंगाम फेडीत राहिला.

स्टेंगलला दोष देणे सोपे आहे, पण अपुरे आहे. त्याने डिमॅजिओला एकदा हलवून पाहिले होते आणि हात पोळून घेतला होता. वार्धक्याकडे झुकलेल्या कीर्तीला जपण्याची त्याची वृत्ती माणुसकीची होती, आणि डिमॅजिओसारख्याला त्याच्या शेवटच्या सिरीजमध्ये आपल्या भूमीवर उभे राहू द्यावे असे कोणाला वाटणार नाही? चूक त्याला राहू देण्यात नव्हती. चूक होती ती त्याला राहू देऊन त्याचा अखत्यार त्याच्या नकळत दुसऱ्याला वाटून देण्यात. टाच दुखते आहे हे डिमॅजिओला सर्वांआधी ठाऊक होते; सांध्यावरचे चेंडू पोराला घेऊ दे, एवढे एक वाक्य त्याच्या तोंडावर बोलले गेले असते, तर तो कदाचित रागावला असता, कदाचित महिनाभर बोलला नसता, पण चेंडू हवेत असताना त्या मुलाला कोणाचा हुकूम पाळावा असा विचार करावा लागला नसता. मोठ्या माणसाचा मान राखावयाचा तर त्याच्याशी स्पष्ट बोलावे, हा मान राखण्याचा सर्वांत कठीण प्रकार आहे. आणि जो संघ हे बोलणे फेब्रुवारीत उरकून घेत नाही, त्याचा निवाडा ऑक्टोबरात एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यावर होतो.